वाटून घेतलेला ताप

ताप रेवणला होता आणि कण्हत होती त्याची बायको, शैलजा. सांगलीत आता घरोघरी असंच चाले. साथ आली की घरातलं एक धडधाकट माणूस दुसऱ्याचं दुखणं सोसायला बसे. ते माणूस बहुधा कोण असे, हे काही सांगायला नको.

ही करामत वाटपट्टीची. एक पट्टी रुग्णाच्या मानेवर, दुसरी सोबत करणाऱ्याच्या. रुग्णाच्या मेंदूकडे निघालेली वेदना वाटेतच वळून दुसऱ्याच्या मेंदूत पोचते. जंतू मात्र जागचे हलत नाहीत. रुग्णाला झोप लागते, जेवण जातं, तो लवकर सुधारतो. पट्टीबरोबर सूचनाही येत: वेगळी खोली, उघडी खिडकी, तोंडाला मास्क, भरपूर पाणी. पण ज्याला काही होतच नाही, तो सूचना कशाला पाळेल?

रेवण नवा सदरा घालून निघाला. बहिणीकडे भाचीचं घरचं केळवण होतं.

"अहो, तिथं थोरल्या भाचीचं महिन्याचं बाळ आहे," शैलजा म्हणाली. तिचा घसा सोलवटल्यासारखा दुखत होता.

"अगं, मला साधा खोकला तरी येतोय का? मामाशिवाय पानं वाढतील होय? तू पड जरा."

तिनं घाईनं पट्टीच्या संशोधक डॉ. फैझा मुजावर यांना फोन लावला.

"डॉक्टर, हे ऐकत नाहीत."

"ऐकतील कसे? माणूस घरी बसतो तो जंतूला भिऊन नव्हे, अंग दुखतं म्हणून. तेच आपण काढून घेतलं. पट्टी काढा, ताई. त्यांना त्रास एकदम जाणवेल, पण जिवाला धोका नाही."

शैलजानं आपल्या मानेवरची पट्टी ओरबाडून काढली. चपला घालायला वाकलेला रेवण तिथंच बसला. त्याचे दात वाजू लागले. तिला मात्र इतकं हलकं वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली.

"हे सगळं... तू सोसत होतीस?"

"हो."

त्याचे डोळे भरून आले. तिनं मास्क लावून त्याला खोलीत नेलं, पाणी पाजलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, खिडकी उघडली.

"शैला, पट्टी लाव ना परत," तो हळूच म्हणाला. "कुठं जात नाही मी. आईशपथ."

तो मनापासून बोलत होता, हे तिला कळत होतं. दुखणं गेलं की लगेच पुन्हा चपला शोधेल, हेही कळत होतं.

ती बाहेर आली आणि दाराला कडी घातली. तो आतून हाका मारत राहिला. शैलजानं हात धुऊन ताट वाढून घेतलं. आजारपण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तिला भूक लागली होती, आणि त्या हाका ऐकत ती पोटभर जेवली.