उजव्या दाराची टोकं

मृणालिनीबाईंनी मला एक पत्र लिहिलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. या गोष्टीला दीड वर्ष झालं. ते निळं आंतरदेशीय पत्र माझ्या शब्दकोशात ठेवलेलं आहे. अधूनमधून शब्द बघायचा म्हणून मी कोश उघडतो आणि शब्द न बघताच मिटतो.

गिरगावातल्या एका वाचनालयात मी छत्तीस वर्षं काम केलं. प्रेमकथा शेकड्यांनी वाचल्या. पण वाचणं निराळं. ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. शिवाय यातला नायक मीच आहे, आणि तो नायकासारखा वागत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

नायगावात आमच्या मजल्यावर निलेश राहतो. परळला त्याचं दुकान आहे, गाड्यांवर विनाइलची नक्षी चिकटवण्याचं. मी निवृत्त झाल्यावर घरच्या पुस्तकांना कव्हरं घालून त्यांवर शाईने वेलबुट्टी काढत बसायचो. ती एकदा त्याने पाहिली.

"काका, ही वळणं जरा टोकदार करा ना. मग ट्रायबल होईल."

"म्हणजे कुठल्या जमातीचं?"

"कुठल्याच नाही हो. गाडीच्या जमातीचं. काळी, धारदार, वाऱ्यावर मागे उडणारी टोकं. पोरं वेडी आहेत त्याच्यासाठी."

आईच्या विळीचं पातं आठवून मी तसली टोकं काढली. ती पोरांना आवडली. दंडावर गोंदवून घेतलेली, कानात बाळी घातलेली दांडगी पोरं माझी नक्षी दारांवर मिरवत लालबागपर्यंत जायची. त्यांना माझं तोंड दिसू नये म्हणून मी दुकानात विनाइलच्या रोलांमागे बसायचो. दिसलं तर नक्षी खोटी वाटेल, अशी भीती.

एका दुपारी निलेश चहा सांगायला गेला होता. बाहेर एक गाडी आचके देत थांबली.

"आत कुणी आहे का?"

"आहे," मी म्हणालो. बहुधा फारच हळू.

"कुठे?"

"रोलांच्या मागे."

"मग पुढे या ना!"

मी पुढे आलो. साठीच्या बाई. पांढऱ्या केसांचा आखूड बॉब, हातात गाडीची किल्ली घट्ट धरलेली. दाराशी त्यांची जुनी लाल गाडी, आणि चालवणाऱ्याच्या बाजूच्या दारावर हातभर लांब ओरखडा.

"सोसायटीच्या गेटचा खांब मध्ये आला," त्या म्हणाल्या.

"खांब... आला?"

"मग? मी गेले असं म्हणू? पोस्टातून रिटायर झाले आणि गाडी शिकले. आठ दिवसांत हे. रंग नकोय मला. यावर ते काळं काळं, पोरं लावतात ते हवंय. ते काढणारा पोरगा कुठाय?"

"मीच तो."

त्यांनी मला चष्म्यापासून चपलांपर्यंत पाहिलं. हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत.

"आधी काय करत होता?"

"ग्रंथपाल होतो."

"हं... म्हणजे मुळातच भयंकर माणूस."

मी कागद शोधायला वळलो, तेव्हा कान गरम झाले होते. एकोणसत्तराव्या वर्षी कान गरम होतात, हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

आमची पद्धत अशी होती. मी बटरपेपरवर एका बाजूची नक्षी काढायची. निलेश ती यंत्रात घालून विनाइल कापणार. मग तोच कागद मी उलटा करून द्यायचा, म्हणजे दुसऱ्या दाराची नक्षी आरशातल्यासारखी उलटी येते. असं केलं की दोन्ही बाजूंची टोकं मागेच जातात. कागद उलटायचा. एवढंच माझं काम.

शनिवारी त्या गाडी घेऊन आल्या आणि माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या.

"दौलतराव, तुम्ही गाडीत बसता का कधी?"

"बसने जातो."

"घाबरता?"

"हो."

"कशाला?"

"सगळ्यालाच... थोडं थोडं."

"मीसुद्धा," त्या हळूच म्हणाल्या. "कुणाला सांगू नका. सिग्नल सुटला की हात थरथरतात. शेजारी कुणी बसलेलं असलं, की नाही थरथरत." बोलता बोलता त्यांनी तळहात माझ्यासमोर पसरून दाखवला. खरंच बारीक कंप होता. मी त्या हाताकडे पाहत राहिलो आणि पाहता पाहता निलेशने मागितलेला कागद त्याच्या हातात दिला.

मग चिकटवायचं काम. दारावर साबणाचं पाणी फवारून त्यावर विनाइल ठेवायचं, आणि रबरी पट्टीने पाणी बाहेर काढत बसवायचं.

"पाणी कशाला?" त्यांनी विचारलं.

"ओलं असेपर्यंत सरकवता येतं. पाणी गेलं की मग कायमचं."

"म्हणजे विचार बदलायला वेळ मिळतो. किती?"

"पाचसात मिनिटं."

"पुरतात?"

"मला... पाचसात वर्षंसुद्धा पुरत नाहीत."

त्या खळखळून हसल्या. साबणाचे दोन थेंब त्यांच्या गालावर उडाले होते. ते सांगावं की नाही, या विचारात ते सुकूनही गेले.

गाडी निघाली, कोपऱ्यावर वळली, आणि मला तिच्या दोन्ही बाजू दिसल्या. डावीकडची टोकं नीट मागे जात होती. उजवीकडची, त्यांच्या दाराची, पुढे धावत होती. मी कागद उलटलाच नव्हता.

मी निलेशला काही बोललो नाही. त्याला दोन दिवसांनी मृणालिनीबाईंचाच फोन आला. आणि आठवड्याने मला ते पत्र आलं.

"दौलतराव, तीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली, म्हणून हे पत्रच लिहिते. निलेश म्हणतो, फुकट बदलून देतो. मी नको म्हटलं. तो हेही म्हणतो की तुम्ही आजवर एकदाही चुकला नाहीत. मग माझ्याच दाराला कसे चुकलात? कारण मला वाटतं तेच असेल, तर रविवारी सकाळी सात वाजता हिंदमाताच्या पुलाखाली या. शेजारी बसा. नुसतं दादर चौपाटीपर्यंत जाऊ. कारण दुसरं असेल तर तसं लिहा. पण लिहा. — मृणालिनी."

रविवारी मी इस्त्रीचा सदरा घालून पावणेसातलाच गेलो. साड्यांची दुकानं बंद होती. लाल गाडी आली, पुलाखाली थांबली... आणि मी खांबाआड झालो.

का, ते अजून धड सांगता येत नाही. लोक हसतील, हे एक. पण खरी भीती वेगळी होती. माझ्या छातीत आधीच एक स्टेंट आहे. या वयात कुणाच्या शेजारी जाऊन बसायचं, तिला आपली सवय लावायची, आणि मग एक दिवस ती सीट रिकामी करून निघून जायचं? माझी थोरली बहीण, ताई, गेली तेव्हा रिकाम्या खुर्चीकडे पाहणं काय असतं, ते मी शिकलो होतो. दुसऱ्याला ते का द्यावं?

पंचवीस मिनिटं गाडी उभी होती. मग बाई उतरल्या, दार लावलं आणि चालत निघून गेल्या. गाडी दुपारी निलेशने घरी पोचवली. त्यानंतर त्यांनी ती चालवलीच नाही. हे मला निलेशकडून कळलं. कळल्यावर तर मला लिहिणं आणखी अवघड झालं.

परवा मंगळवारी निलेश ती गाडी घेऊन दुकानात आला. शेजारच्या सीटवर मृणालिनीबाई. दीड वर्ष हिंदू कॉलनीत उन्हात उभी राहून गाडीचा लाल रंग विटका झाला होता.

"विकतेय," त्या निलेशला म्हणाल्या. "गिऱ्हाईकाला साधी गाडी हवीय. हे सगळं काढून टाक."

"काका काढतील," निलेश म्हणाला आणि फोन कानाला लावून बाहेर गेला. मुद्दामच गेला असणार.

मी हीटगनने दार गरम करत उजवीकडचं विनाइल सोलू लागलो. हात थरथरत होते. या खेपेला माझे. पहिलं टोक निघालं, दुसरं निघालं... आणि मी थांबलो.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

जुना ओरखडा सोडला, तर विनाइलखालचा रंग उन्हापासून वाचला होता. नवा, गडद लाल. विटक्या दारावर माझी चूक आता काळ्याऐवजी लाल रंगात दिसत होती. टोकं अजून पुढेच धावत होती.

"जात नाहीये," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"काढलं... तरी दिसतंय."

त्या वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या रविवारी तुमची पिशवी खांबाच्या बाहेर आली होती. वाचनालयाचं नाव असलेली."

हीटगन माझ्या हातातून पडायची राहिली. "तुम्ही... पाहिलंत?"

"मागचं बघायला आरसा असतो, दौलतराव. ड्रायव्हिंगमधलं तेवढं एक मला पक्कं येतं."

"मग हाक का नाही मारलीत?"

"एकदा 'पुढे या' म्हटलं होतं ना, रोलांच्या मागून? दर वेळी मीच म्हणायचं?" त्यांनी लाल टोकावर बोट ठेवलं. "मला वाटलं, इतकी भीती वाटत असेल तर माझीच वाटत असेल."

"तुमची नाही," मी म्हणालो.

निलेश परत आला. दार बघून म्हणाला, "पॉलिश मारलं की जाईल, मॅडम. सोमवारी आणा."

"आणते." दाराशी पोचून त्या वळल्या. "माझा पत्ता बदललेला नाही. आणि नायगावहून दादरला पत्र दोन दिवसांत येतं. आमच्या खात्याची गॅरंटी."

कालचा सगळा दिवस मी कागद फाडण्यात घालवला. आज सकाळी एक पत्र उरलं, ते असं:

"मृणालिनी, तुम्ही विचारलं होतं, मी चुकलो कसा. कागद उलटायचा होता त्या वेळी मी तुमचा हात पाहत होतो. बाकी काही कारण नाही. मला अजून भीती वाटते, तुमची नाही, तुम्हाला एकटं टाकून जाण्याची. पण तसं तर मी आधीच टाकलं होतं. पॉलिश नको. रविवारी सात वाजता हिंदमाताला येतो. या वेळी खांबाच्या पुढे उभा असेन. — दौलत."

पत्ता तीनदा तपासला. नायगावच्या पोस्टाबाहेरच्या लाल पेटीत पत्र अर्धं घातलं आणि कोपरा धरून उभा राहिलो. इथे साबणाचं पाणी नव्हतं. मागे एक बाई लिफाफा घेऊन उभी होती.

"आजोबा, टाकताय ना?"

"हो," मी म्हणालो, आणि बोटं सोडली.