खळ न धुतलेली होडी

दादरच्या चौपाटीवर रविवारी सकाळी भलतीच गंमत चालली होती. एक उंच पोरगा गुडघाभर पाण्यात उभा, आणि त्याच्या पुढ्यात त्याची निमुळती कापडी होडी हळूहळू खाली बसत चाललेली! भोवताली पेजेसारखं पांढरं पाणी पसरलं होतं. बघे खिदळत होते. बकुळाही हसली... पण ते पांढरं पाणी बघून तिला राहवेना.

"अहो, कापडाची खळ नाही धुतली?"

तो वळला. कान लालबुंद. "तुम्हांला काय ठाऊक खळीचं?"

"परळच्या मिलमध्ये वाइंडिंगला आहे मी, सूत गुंडाळायला. तुम्ही?"

"सांच्यावर..." तो पुटपुटला. "लालबागला."

"अगं बाई! विणकर असून—?"

हा जयवंत. वर्षापूर्वी गोदीत एका परदेशी खलाशाची कयाक त्याने पाहिली. बसायला एकच जागा, एका वल्ह्याला दोन्हीकडे पाती! तेव्हापासून नुसतं वेड. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधला आणि सांच्यावरून उतरलेलं कोरं कडक कापड त्यावर ताणलं. त्या कडकपणावरच गडी भाळला होता; तो खळीचा, पाण्यात विरघळणारा, हे विसरूनच गेला. आता वैतागून म्हणतो कसा, "जाऊ दे, बंबात घालतो!"

"घालून तर बघा!" बकुळाने दटावलं.

देवगडच्या खाडीकाठी वाढलेली पोर ती. मुंबईत आल्यापासून पाच वर्षं कापसाच्या धुरळ्यात उभी होती. पाण्यावर एकदा तरी जायचंच, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

चार रविवार दोघं खपली. कापड उकळलं, धुतलं, पुन्हा ताणून शिवलं, वर जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. दाभण तिच्याकडे, दोरा त्याच्याकडे. बोटं एकमेकांना लागायची... आणि दोघंही उगाच समुद्राकडे बघायची.

पाचव्या रविवारी होडी तरंगली. जयवंत थोडं जाऊन परत आला.

"बसता?" त्याने विचारलं.

"त्यासाठीच तर हात तेलकट केले! आणि तुम्ही? होडीसाठी आलात रोज, की माझ्यासाठी?"

"रोज कुठे, रविवारीच... बाकीचे सहा दिवस नुसती आठवण काढली."

ती लाजली खरी, पण पाय उचलणार तोच वाळूतून तिचे वडील तरातरा येताना दिसले. शेजाऱ्याने चुगली केली होती. गुणाजीअप्पा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात महिनाभर आत जाऊन आलेले, आवाज अजून सभेतलाच.

"बकुळा! परक्याच्या होडयेत पाय ठेवचो नाय, सांगान ठेवतंय!"

बकुळाचे डोळे भरले, पण ती मागे हटली नाही. "अप्पा, अख्खी मुंबई मागायला तुरुंगात गेलात तुम्ही. मी थोडं पाणी मागतेय."

अप्पांनी चपलांतली वाळू झटकली. मग मान हलवली. "परक्याची ती परक्याचीच."

तेवढ्यात जयवंतने वल्हं उचललं आणि बकुळाच्या हातात ठेवलं. "होडी हिला दिली, अप्पा. कायमची. आता परक्याची कुठे राहिली?"

बकुळाने वल्हं छातीशी धरलं. वर्षभर जपलेलं स्वप्न माणूस असं देऊन टाकतो?

अप्पांनी डोकं खाजवलं. "लांब जाव नको," एवढंच म्हणाले.

कंबरभर पाण्यात उभं राहून जयवंतने होडी धरली. "गुडघे कामट्यांना टेकवा. वल्हं घट्ट आवळू नका. एकदा डावं, एकदा उजवं. भरती आहे, किनारा सोडू नका." आणि हळूच, "भ्यायचं नाही हं..."

"भितंय कोण!"

होडी डगमगली, एकदा तर कलंडलीच म्हणा ना... पण बकुळाने दात घट्ट आवळून सावरली. मग डावं, उजवं, डावं, उजवं. प्रभादेवीच्या बाजूने वारा आला आणि ती एकटीच मोठ्याने हसली. किनाऱ्याकडे पाहिलं, तर जयवंत अजून तिथेच पाण्यात उभा. तिचं ठरलं.

परतली तेव्हा हातांना फोड आले होते. होडीतून उतरायच्या आधीच ती बोलली.

"अप्पा, होडी मिळाली. पण मला होडीवालाही हवाय."

जयवंत पाण्यातून धडपडत पुढे आला. "मी... म्हणजे मलाही... पहिल्या दिवसापासून—"

"गप रे!" अप्पा गुरकावले. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाले, "येत्या रविवारी तुझ्या आवशीक घेवन घराक ये, लग्नाचा बोलूक."

"रविवारी नको," बकुळा म्हणाली. "रविवारी मी ह्यांना वल्हं नीट मारायला शिकवणार आहे. ह्यांच्या आईला शनिवारी बोलवा."