नारिंगी श्वास

जेवणाच्या सुट्टीत हेमलता गजभिये चष्मा काढायला विसरली, आणि तेवढ्यानं सगळं उघडं पडलं.

चष्मा नवाच आला होता. श्वासातले एरवी न दिसणारे तुषार त्याच्या काचांतून धुक्यासारखे दिसत. निरोगी श्वास पांढरट, विषाणू असलेला नारिंगी. तालुक्याच्या त्या रुग्णालयात आठवड्याभरात तीन परिचारिका आजारी पडल्या होत्या आणि लागण कुठून होते हे कुणालाच उमगत नव्हतं. साथीपासून बचाव कसा करायचा हे सगळ्यांना शिकवायची हेमलताच, त्यामुळे हा प्रकार तिच्या जिव्हारी लागला होता. सकाळपासून तिनं वॉर्ड पालथा घातला. खाटांभोवती नारिंगी धुकं होतंच. पण मास्क, हातमोजे, अंगरखा उतरवायचा क्रम, कशातही खोट सापडेना.

चहाच्या खोलीचं दार नेहमीसारखं आतून लावलेलं होतं. आपण जेवतो ते पेशंटच्या नातेवाइकांना दिसू नये म्हणून. चौघीपाचजणी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या, मास्क हनुवटीखाली. वॉर्डात डोळ्यांत तेल घालून वागणाऱ्या या बायका इथं आल्या की निर्धास्त होत. भ्यायचं ते पेशंटला, आपल्या माणसांना कसलं भ्यायचं? विषाणूला आपलं-परकं कळत नाही, हे त्यांच्यातल्या कुणीही झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

हेमलतानं मास्क खाली ओढला, दमून एक लांब श्वास सोडला. तिच्या नाकासमोर नारिंगी ढग उठला आणि समोरच्या डब्यावरून सावकाश रुबीनाच्या चेहऱ्यापर्यंत गेला.

रुबीना शेखला आठवा महिना होता. उद्यापासून तिची रजा. बाळंतपणासाठी ती माहेरी निघाली होती.

"काय पाहून राहिली ताई अशी?" तिनं विचारलं.

हेमलतानं मास्क घट्ट वर ओढला, दार-खिडकी सताड उघडली. "बाहेर व्हा साऱ्याजणी. आजार मीच वाटून राहिली. ताप नाही, खोकला नाही, पण माझ्यात आहे तो."

मास्क वर ओढत, डबे तसेच टाकून त्या उठल्या. शरमेनं हेमलताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर व्हरांड्यात रुबीना लांब उभी राहिली. तिनं मास्क खाली केला. "पाहा बरं माझ्याकडं," म्हणाली आणि श्वास सोडला.

पांढरा होता. हेमलताच्या डोळ्यांत पाणी आलं. "साफ आहे गं."

"मंग जाऊ ना मी उद्या अम्मीकडं?"

लागण झाल्यावर श्वासात विषाणू उतरायला दोन-तीन दिवस लागतात. कालच्याच वर्गात हेमलतानं हाच प्रश्न टाकला होता आणि बिनचूक उत्तर रुबीनानंच दिलं होतं. दोघींनाही ते आठवत होतं. माहेरी दम्यानं खंगलेली म्हातारी आई लेकीची वाट पाहत होती, हेही दोघींना ठाऊक होतं. हेमलतानं चष्मा काढून हातात घेतला तशी रुबीनानं पोटावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात पुन्हा विचारलं,

"सांग ना ताई, जाऊ ना?"