न उघडलेली पिशवी

भंडाऱ्याच्या कोर्टासमोरच्या या वकिलांनीही कागदांची पिशवी न उघडताच परत केली. "करडीचं बोडीखालचं वावर ना? माफ करा बाई, मला घेता येणार नाही." वकील नकार देताना फार गोड बोलतात.

धुरपताबाईने मुकाट्याने पिशवी उचलली. नवरा सेवकराम मरताना करडी गावातलं धानाचं वावर मृत्युपत्राने तिच्या नावे करून गेला होता. मूलबाळ नव्हतं. लकव्याने खाटेला खिळलेल्या दिराने, भैय्यालालने, त्यावर हरकत घेतली होती. वावर गेलं तर म्हातारपणी दुसऱ्याच्या दारात बसायचं, हे तिला ठाऊक होतं. पण तिचं वकीलपत्र घ्यायला कुणीच तयार होईना.

सोबत आलेली तिची भाची तृप्ती मात्र दारातच थबकली. पिशवी उघडलीच नाही, मग वावर बोडीखालचं, त्या लहान तळ्याच्या पाण्यावरचं, हे यांना कुणी सांगितलं?

बाहेर कैलाश मोटारसायकलवर बसला होता. भैय्यालालचा मुलगा, पण बापाशी भांडून काकूच्या बाजूने उभा राहिलेला. काकाला अग्नीही त्यानेच दिला होता. केस आता कुठे बोटभर वाढले होते. प्रत्येक वकिलाकडे तोच काकूला घेऊन जायचा.

नकार ऐकून त्याने मान हलवली. काकूला घेऊन पुढे होतो, एक काम आहे, तू बसने ये, असं तृप्तीला सांगून तो गेला.

तृप्ती शकुनबाईच्या चहाच्या टपरीवर गेली.

"आमच्या आधी करडीचं कोणी आलं होतं काय?"

"एक जण येत होता. एका वकिलाकडून निंघे, दुसऱ्याकडे घुसे."

"म्हातारा होता?"

"नाही, जवान. डोस्कं नवंच भादरलेलं. घरी मयत झाली असंन."

तृप्तीने धावत जाऊन बस पकडली. बसमधूनच तिने नागपूरच्या एका वकिलाला फोन लावला. उद्या कागद घेऊन या, ते म्हणाले.

करडीला पोचली तेव्हा दोघंही ओसरीवर बसले होते.

"कैलाश, तुझे बाबा खाटेवरून उठत नाही. मंग भंडाऱ्याच्या वकिलाइले कोण भेटलं? तूच. तेरवीपर्यंत मावशीले उंबऱ्याबाहेर निंघू दिलं नाही, रीत हाय म्हणून. तेवढ्यात बोडक्या डोक्यानं सगळ्याइले बापाची बाजू सांगून आला. एका बाजूचं ऐकलं का वकील दुसऱ्या बाजूचं वकीलपत्र घेत नाही. एक वकील तुले लढाले पायजे होता, बाकीचे तिले भेटू नये म्हणून. मंग तिले त्याच दारावर फिरवलं. थकून हात टेकावे म्हणून."

कैलाशने नजर चुकवली नाही. "वकिलाले भेटनं गुन्हा हाय काय?"

गुन्हा नव्हताच. हेच तृप्तीला सहन होईना. ती मावशीजवळ बसली. "उद्या नागपूरले जाऊ. थो वकील तयार हाय."

धुरपताबाई पिशवीकडे पाहत राहिली.

"आता कायले, पोरी? दुपारीच रजिस्ट्रीत समझोत्यावर सही देऊन आली मी. वावर याच्या नावानं झालं. वकीलच भेटत नाही त काय करू म्हटलं."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"अन् मले आग बी यालेच द्या लागते," ती म्हणाली, आणि कैलाशचं ताट वाढायला आत गेली.