शेजारची खुर्ची

बसा, पंखा लावते. ही गोष्ट दुपारीच सांगते, दिवे लागल्यावर माझ्यानं सांगवत नाही.

संक्रांत नुकतीच झाली होती. मी विरजण मागायला शेजारी विमलाबाईंकडे गेले, तर त्या नवी साडी नेसून चप्पल घालत होत्या.

"कुठं चालल्या?"

"गाण्याले. हिंगणघाटले बासरी आहे आज."

"एकट्याच?"

त्या नुसत्या हसल्या.

त्यांचे यजमान प्रभाकरराव जाऊन वर्षही झालं नव्हतं. विरजण तिथंच राहिलं, ते हसणं मात्र मी घरी घेऊन आले. खोटं कशाला बोलू, आमच्या पिपरी मेघेत कोणाकडे काय शिजलं ते मला वासावरून कळतं. पुढच्या कार्यक्रमाला मी गुपचूप दोन रांगा मागे जाऊन बसले.

असे तीन कार्यक्रम मी चोरून ऐकले. देवळीला खंजिरी भजन होतं. वाजवणाऱ्याचं बोट फुटलं तरी तो थांबला नाही. नाचणगावच्या कव्वालीत एक म्हातारा उभा राहून ढसढसा रडला. वर्ध्यात सतार चालू असताना लाईट गेली, आणि त्या काळोखात अर्धा तास कोणी साधं खोकलं नाही. जन्मभर आठवावं असं ऐकलं मी. पण माझं लक्ष होतं एका खुर्चीवर.

विमलाबाई शेजारच्या खुर्चीवर पुरुषी पांढरा रुमाल टाकायच्या. कोणी विचारलं की म्हणायच्या, "येऊन राह्यले." शेवटपर्यंत कोणी येत नसे. तरी त्या मधूनच तिकडं मान वळवून हसायच्या.

बचत गटाच्या बैठकीत मी एवढंच म्हटलं, "विमलाबाई कोणासाठी तरी जागा धरते बरं." आठ दिवसांत ते तिच्या मुलाच्या, धनंजयच्या कानावर गेलं. तोवर त्या 'कोणाचं' तबलजीत रूपांतर झालं होतं, त्याचं गावसुद्धा ठरलं होतं. धनंजयनं आईचं बाहेर जाणं बंद केलं.

पाच महिने ती माउली उंबऱ्याबाहेर पडली नाही. मला मात्र एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

एक दिवस तिची सून वर्षाली गच्चीवर कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "काकू, तो रुमाल बाबांचा आहे. त्यांना ड्युटीवरून यायला नेहमी उशीर व्हायचा, म्हणून आई रुमाल टाकून जागा धरायची. तीस वर्षं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धनंजयपुढं जाऊन उभी राहिले.

"बाप्पा, मीच ते उठवलं. चुकलं माझं. तिले जाऊ दे."

तो म्हणाला, "मंग तुम्हीच घेऊन जा. साऱ्यांच्या समोरून."

दिवाळीच्या पहाटे गाणं होतं. हॉल गच्च भरलेला, अगरबत्तीचा आणि उटण्याचा वास. विमलाबाईंनी आमच्या दोघींच्या मधल्या खुर्चीवर रुमाल टाकला. मागच्या रांगेत गटातल्या बाया होत्या. त्यांची कुजबुज ऐकू आली, कोणीतरी फिसकन हसलं. माझ्या कानशिलांना चटका बसला. घ्या, पाहा, इथं कोणी नाही! असं दाखवायला मी रुमाल उचलला आणि मधल्या खुर्चीवर सरकून बसले.

खुर्ची गरम होती. कोणीतरी नुकतंच उठावं तशी...

"लीलाबाई," विमलाबाई अगदी हळू म्हणाल्या, "उठा न... हे आले आहेत."

मी उठायला गेले. मांडीवर कोणी बसावं तसा भार आला. गच्च बंद कपाटातला वास नाकात शिरला, तंबाखूचा आणि डांबराच्या गोळ्यांचा. समोर गायिकेनं सूर लावला, तबला सुरू झाला. आणि माझा उजवा हात आपोआप मांडीवर पडू लागला. टाळी, टाळी, मग उताणा. मला ताल कळत नाही हो. शाळेत प्रार्थनासुद्धा बेसूर म्हणायची मी.

विमलाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. ओढून घ्यावा म्हटलं, तर तो हात माझं ऐकेना.

"विमलाबाई... मले माफ करा," मी पुटपुटले. आवाज जाड आला, घोगरा.

त्यांचे डोळे भरले होते. पण त्या माझ्याकडं पाहतच नव्हत्या. माझ्या तोंडाकडं पाहत होत्या, आणि तरी माझ्याकडं नव्हत्या.

मध्यंतरात चहावाला ट्रे घेऊन रांगेत आला. मी जांभळी साडी नेसलेली, केसात गजरा. त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि कप पुढं केला.

"घ्या काका. बिनसाखरेचा."

"हो," विमलाबाई म्हणाल्या, "याईले शुगर आहे."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर माझ्या हातानं कप घेतला होता.