निळ्या शाईतला सा

तुम्ही यावर विश्वास ठेवणार नाही. आजवर कोणी ठेवला नाही, आणि मला त्याचं काही वाटतही नाही. पण घटना खरी आहे. गेल्या डिसेंबरची. जागा, भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

स्वाती, हसू नको. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली आहेस, तर आबाजीचं शेवटपर्यंत ऐक.

तर हा बाबूलाल. तुमसरच्या लग्नाच्या बँडात चाळीस वर्षं क्लॅरनेट वाजवणारा. डीजे आले, ऑर्डरी आटल्या, तरी त्याची एक हौस उरली होती. माघात नातीचं लग्न होतं. तिच्या बिदाईला क्लॅरनेट आपणच वाजवायची, असं त्यानं ती एवढीशी असल्यापासून तिला सांगून ठेवलं होतं.

त्यात जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरांतल्या रीता मॅडमनी नाताळासाठी एक मोठं गाणं बसवायला घेतलं. वीस गाणारे, मागे वाद्यवृंद. गाण्याचे छापील कागद बदली होऊन गेलेल्या कुण्या साहेबाच्या ट्रंकेत सापडले होते. वाद्यवृंद कुठून आणणार? तुमसरचा बँड आणला.

बाबूलालपुढे क्लॅरनेटचा कागद आला. पाच रेघा, त्यावर काळे ठिपके.

“मॅडम, ह्या मुंग्या आमाले वाचता येत नाही. तुमी गाऊन दाखवा, मी वरतून सारेगम लिहून घेतो.”

“लिहा, पण पेन्सिलनं हं, बाबूलालभाऊ. कोपऱ्यात तशी सूचनाच छापली आहे.”

“पेन्सिलचं लिहिलेलं मले दिसत नाही.”

त्यानं निळ्या बॉलपेननं प्रत्येक ठिपक्यावर सूर लिहिला. सगळा कागद, एका बैठकीत.

दुसऱ्या दिवशी, एकोणीस तारखेला, तालीम सुरू झाली आणि...

सा वाजलाच नाही.

नुसती हवा.

त्यानं क्लॅरनेटच्या तोंडाची पत्ती बदलली. पुन्हा हवा. ट्रम्पेटवाल्या भुपेंद्रनं तीच क्लॅरनेट तोंडाला लावली... सा खणखणीत वाजला.

“काहून भाऊ, दात पडले काय तुमचे?”

सगळे हसले. बाबूलालही हसला.

वीस तारखेला रे गेला.

एकवीसला ग.

त्यानं ब्लेडनं शाई खरवडली. कागद झिजला, शाई तशीच. घरी बिदाईची धून वाजवून पाहिली, तर तिच्यातही जागोजागी खड्डे.

बावीसला म गेला. दुपारी तीनला तो मॅडमना सांगायला हॉलवर गेला. हॉल रिकामा. कोपऱ्यात ती ट्रंक, झाकण बंद. आणि आतून...

क्लॅरनेट.

सा, रे, ग, म. चारच सूर, फिरून फिरून. फुंक त्याचीच. सुराच्या शेवटी त्याची एक बारीक थरथर असायची. तीसुद्धा.

त्यानं झाकण उघडलं. आत कागद होते. बस.

आपला कागद हातात घेऊन त्यानं काडी पेटवली. मग वाटलं, याच्यासोबत सूरही जळाले तर?

त्यानं काडी विझवली.

नाताळच्या सकाळी शेवटचा नी गेला. हॉलवर लोक जमले होते. त्यानं क्लॅरनेट ओठांना लावली, नुसती बोटं फिरवली. फुंकलं नाही. गाणं सुरू झालं...

आणि क्लॅरनेट वाजली.

पहिल्यापासून शेवटपर्यंत. ट्रंकेतून. एवढी गोड तो जन्मात वाजवू शकला नव्हता.

लोक उठून टाळ्या वाजवू लागले. “वा, बाबूलालभाऊ!” मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं.

महिन्याभरात त्यांचीही बदली झाली. ट्रंक कुठं गेली, कोणाला ठाऊक नाही.

माघात बिदाईला डीजे वाजला. पोर गाडीत बसेपर्यंत मागे वळून आजोबाला शोधत होती. बाबूलाल पंगतीत लोकांना पाणी वाढत होता. अजूनही दुपारी तीनच्या सुमाराला कुठूनतरी त्याला...

“आबाजी, खोटं.” स्वाती आता हसत नव्हती. “बाबूलालकाकाले नातच नाही. ते तर ढोल वाजवते. त्या बँडात क्लॅरनेट तुमी वाजवत होते.”