इंदुमतीची बाजू

साठ-एकसष्टची गोष्ट. धारवाडच्या कोर्टाच्या जिन्यात गुरुराज नावाचा तरुण वकील खाली मान घालून उतरत होता आणि कायदा शिकणारी इंदुमती खटले ऐकायला वर चढत होती. धक्का लागला — कागद उधळले.

"हरलात वाटतं?" कागद गोळा करत ती म्हणाली.

"भिंत बांधू नये म्हणून मनाई मागितली. कोर्ट म्हणालं, भिंत तर उभी आहे!"

"मग पाडायचा हुकूम मागायचा. तोही मिळतो की!"

तेव्हापासून इंदुमतीच्या वडिलांची, निवृत्त न्यायाधीश मुकुंदरावांची, कायद्याची पुस्तकं गुरुराजला वरचेवर लागू लागली. पुस्तक न्यायला यायचं, तिच्या हातचा तिखट-मीठ लावलेला पेरू खायचा आणि पुस्तक विसरून जायचं. बोलायचं ते मात्र... राहूनच जायचं.

अशात बेळगावचं स्थळ सांगून आलं. रविवारी मुलगा बघायला येणार. शनिवारी गुरुराज काळा कोट घालून हजर!

"साहेब, उद्याच्या कार्यक्रमाला मनाई हवी. तात्पुरती तरी."

मुकुंदरावांनी चष्मा चढवला. पेन्शनीत गेल्यापासून इतका आनंद त्यांना झाला नव्हता. "सकृद्दर्शनी हक्क दाखवा."

"पेरूची मोठी फोड... नेहमी मला मिळते."

"हं. मनाई दिली तर जास्त गैरसोय कोणाची?"

"बेळगावकर अजून निघालेले नाहीत. मी तर येऊन बसलोय."

"आणि नाही दिली तर? पैशानं भरून येणारं नुकसान असेल तर मनाई नाही."

गुरुराज खुर्चीतून उठून उभा राहिला. "नाही येणार, साहेब... कशानंच."

"आयतु! झालं तर मग, मनाई दिली —"

"थांबा, अप्पा!" इंदुमती दारात उभी. "मला न ऐकता? मी काय वहिवाटीची वाट आहे, दोघांनी परस्पर मिटवायला? अहो वकीलसाहेब, मला विचारलंत कधी?"

"ते... राहिलंच," गुरुराज म्हणाला.

"मग विचारा."

"इथं? साहेबांसमोर?"

"हो, उघड्या कोर्टात!"

त्यानं घसा खाकरला, कोटाची बटणं लावली — आणि विचारलं.

"कबूल," ती म्हणाली. "आता दोन्ही बाजू ऐकल्यात, अप्पा. तात्पुरती कशाला? कायमचीच द्या!"

मुकुंदराव तसेच, टोपी न घालता, बेळगावला तार करायला निघाले.

"आता पुन्हा विचारा," इंदुमती हळूच म्हणाली.

"का? कबूल केलंत ना?"

"मघाशी सगळं अप्पांकडे बघून बोललात. वकिली सवय... आता माझ्याकडे बघा की."

गुरुराजनं बघितलं. आणि लावलेलीच बटणं तो पुन्हा लावू लागला. इंदुमती मात्र दावा खर्चासकट जिंकल्यासारखी हसत होती.